विंडोज ११, मॅक की लिनक्स? वीस वर्षांच्या मराठी फाइली उघडल्या पाहिजेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

औशात माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून छपाईची पानं तयार करायचं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, बिलबुकं आणि गावोगावच्या सप्ताहाच्या पत्रिका. मशीन इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचं, त्यावर विंडोज १०. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलची आठवी किंवा पुढची पिढी लागते, म्हणजे हे मशीन त्यात बसत नाही. जादा सुरक्षा अपडेट्स घेतलीत, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच.

माझे दोन भाचे आहेत. पुण्यातला म्हणतो, "मामा, मॅक मिनी घ्या, डीटीपीचा जन्मच मॅकवर झालाय." खरंय ते. पानं जुळवायचं पेजमेकर सॉफ्टवेअर १९८५ ला आधी मॅकवरच आलं, विंडोजवर १९८७ ला. नांदेडला इंजिनिअरिंग करणारा धाकटा म्हणतो, "पैसे कशाला घालायलाव मामा? हेच मशीन फुकटच्या लिनक्स मिंटवर पळतंय की." दिवाळीत दोघं तासभर भांडले. पण माझी एक फाइलसुद्धा कुणी उघडून पाहिली नाही, याचं वाईट वाटलं.

माझा सगळा जीव त्या फाइलींत आहे. २००४ पासूनच्या आहेत, काही पेजमेकरच्या, बाकी कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या. फाँट जुने, युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या मराठी अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीचे. त्यात इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षर बसवलेलं असतं, त्यामुळे तो फाँट नसला की "हरिनाम सप्ताह" ऐवजी नुसती एबीसीडी दिसते. सप्ताहवाले दरवर्षी तीच पत्रिका घेऊन येतात, तिथ्या आणि कीर्तनकारांची नावं तेवढी बदलायची. अन्नदात्यांची यादी दीड-दोनशे नावांची असते आणि प्रत्येक नाव गावाने तपासून दिलेलं. ते मॅटर गेलं तर परत पहिल्यापासून जुळणी.

शिवाय टायपिंगच्या सॉफ्टवेअरला यूएसबी डोंगल लागतो, म्हणजे परवान्याची किल्ली; ती लावल्याशिवाय ते चालत नाही. इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्प या ॲपलच्याच सोयीने विंडोज टाकता यायचं, २०२० च्या शेवटी आलेल्या एम चिपपासून ते बंद झालं. मग पॅरलल्समध्ये (मॅकच्या आत विंडोज चालवायचं सॉफ्टवेअर) एम चिपसारख्या एआरएम प्रोसेसरसाठीचं विंडोज चालवून डोंगल ओळखला जातो का? कुणी स्वतः केलंय? कोरलड्रॉ लिनक्सवर नाही. इंकस्केप हे फुकटचं डिझाइन सॉफ्टवेअर कोरलड्रॉच्या सीडीआर फाइली उघडतं, पण जोडाक्षरं आणि तक्ते जागेवर राहतात का? की आठव्या पिढीचं सेकंडहँड मशीन घेऊन विंडोज ११ टाकणंच बरं?

कोणता कॉम्प्युटर भारी हे कृपया इथे नको, तिन्ही चांगले आहेत. मराठी डीटीपी प्रत्यक्ष करणाऱ्यांनीच सांगावं. नावं आणि नंबर काढून एक जुनी पत्रिका फाँटसकट पाठवतो. तुमच्या मशीनवर उघडून स्क्रीनशॉट टाकाल का? तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांची गर्दी सुरू होते, त्याआधी ठरवायचंय.