‘चिल्टर्न हंड्रेड्स घेतले’ म्हणजे काय?

— ब्रिटिश राजकारणावरच्या लेखात ‘टुक द चिल्टर्न हंड्रेड्स’ असं वाचलं. राजीनामा दिला असा अर्थ लागतो. मग ‘घेतले’ का? आणि शंभर काय?

— अर्थ बरोबर आहे, पण तो फक्त हाउस ऑफ कॉमन्सच्या खासदारापुरता. बँकेतली नोकरी सोडणाऱ्याला हे लावत नाहीत. शंभराचा हिशेब मात्र सोडून द्या. हंड्रेड हा इंग्लंडमधला जुना महसुली विभाग, आपला तालुका म्हणा हवं तर. बकिंगहॅमशरमध्ये स्टोक, डेसबरो आणि बर्नहॅम हे चिल्टर्न टेकड्यांकडचे तीन हंड्रेड. तिथे राजाचा कारभारी असे. टेकड्यांतल्या लुटारूंचा बंदोबस्त करायला त्याला नेमत, असं सांगतात. लुटारू गेले, पद राहिलं.

आता ‘घेणं’. १६२४ साली कॉमन्सने ठरवलं की निवडून आलेल्याने आपणहून जागा सोडायची नाही. पुढे दुसरा नियम झाला: राजाकडून लाभाचं पद घेतलं की खासदारकी जाते, नाहीतर राजा पदं वाटून सभागृह खिशात घालायचा. ज्याला बाहेर पडायचंय त्याने एखादं नावापुरतं पद मागून घ्यावं, ही पळवाट त्यातूनच निघाली. चिल्टर्नचं पद यासाठी पहिल्यांदा १७५१ मध्ये जॉन पिट यांनी घेतलं. आज पद मिळतं, पगार आणि काम दोन्ही नाही.

— पण २०१६ला माजी पंतप्रधान कॅमेरून यांनी खासदारकी सोडली तेव्हा बातमीत नॉर्थस्टेड होतं!

— ते यॉर्कशरमधलं दुसरं पद, त्याच कामाचं. एकापाठोपाठ दोघांना जायचं असेल तर सोय म्हणून दोन्ही आलटून पालटून देतात. २००७ मध्ये माजी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या वाट्याला चिल्टर्न आलं होतं.

— आपल्याकडे असलं काही?

— लाभाच्या पदाची अपात्रता आपल्या घटनेतही आहे, अनुच्छेद १०२. पण १०१ प्रमाणे लोकसभेचा खासदार अध्यक्षांना स्वतःच्या सहीचं पत्र देऊन सरळ राजीनामा देऊ शकतो. म्हणून मराठीत याला जोड शोधू नये. ‘खासदारकी सोडली’ पुरे, गंमत सांगायचीच तर तळटीप द्यावी.

आणि गंमत आहेच. २०११ मध्ये शिन फेन या आयर्लंडच्या एकीकरणवादी पक्षाचे जेरी ॲडम्स यांनी असंच साधं पत्र धाडलं. ब्रिटिश राजसत्ताच न मानणारा माणूस तो! सरकारने त्यांना परस्पर नॉर्थस्टेडचे कारभारी करून टाकलं. हे पद आपण मागितलंही नाही आणि स्वीकारलंही नाही, असं ॲडम्स सांगत राहिले. जागा मात्र रिकामी झाली.