गॅस गिझर: पाइप नुसता खिडकीबाहेर काढून भागत नाही

भाऊ, तुम्ही विचारलं की गिझर बाथरूममध्येच ठेवून धुराचा पाइप व्हेंटिलेटरमधून बाहेर काढला तर चालेल का. माझं मत, गिझर बाहेर गॅलरीतच लावा आणि आत फक्त गरम पाण्याची लाइन घ्या. धंतोलीच्या आमच्या जुन्या घरी मी हेच केलं.

खरी भीती कार्बन मोनॉक्साइडची, म्हणजे हवा कमी पडली की ज्वाळेतून निघणाऱ्या विषारी वायूची. त्याला ना रंग ना वास, डोकं जड होईपर्यंत कळतच नाही. त्यात आपल्या नागपूरची सवय अशी की डिसेंबर लागला की कूलरची खिडकी पुठ्ठा लावून बंद! मग ज्वाळेला हवा येणार कुठून? एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून निश्चिंत राहू नका. तो आतली हवा ओढतो, ताजी हवा यायला वाट नसेल तर पाइपातला धूरच उलटा खोलीत येतो.

साध्या, म्हणजे धूर बाहेर ढकलायला आत पंखा नसलेल्या मॉडेलचा पाइप गिझरपासून वर चढत जाणारा असावा, बाक कमीत कमी. पंख्याच्या मॉडेलला कंपनीचं पुस्तक पाहा, बहुतेकांत आडवा पाइप बाहेरच्या बाजूला किंचित उतरता ठेवतात, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही.

सिलिंडर तळघरात किंवा खड्ड्याजवळ नको. एलपीजी हवेपेक्षा जड, खालीच साचतो. भिंतीतून जाणारी लाइन तांब्याची घ्या, रबरी नळी भिंतीत गाडू नका. सांध्यांवर साबणाचा फेस लावून पाहायचा, काडी पेटवून नाही. आमच्या फिटरने काडीच पेटवली होती बाप्पा!