बोटीचा भोंगा आणि रहाटाची कुरकुर

तिघांना विचारलेला प्रश्न : १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू होण्यापूर्वीच्या किनाऱ्यावरचे कोणते आवाज आणि वास आपल्या स्मरणात आहेत?

उत्तर : विजयदुर्गच्या बंदरात बोटीचा भोंगा ऐकू आला की पडावात (बोटीपर्यंत नेणाऱ्या होडीत) जागा मिळवण्यासाठी एकच धांदल उडत असे, डांबर, ओले दोरखंड आणि (हेही खरेच) कोणाच्या तरी ओकारीचा संमिश्र वास अजून आठवतो.

उत्तर : गुहागरला पोफळीच्या आगरात पहाटेपासून रहाट कुरकुरत असे, लोटे एकामागून एक पन्हळीत रिकामे होत आणि पाणी पाटाने केळींपर्यंत पोहोचताच कोरड्या मातीला जो वास सुटे, तो विजेचा पंप आल्यावरही येतो; गेला तो आवाज.

उत्तर : मला मात्र माळ्यावरची आंब्यांची अढीच आठवते. पेंढा बाजूला सारून आजी प्रत्येक हापूस देठाकडून हुंगत असे, आणि डागाळलेले फळ तेवढे आम्हा मुलांच्या वाट्याला येई.