संकटात पोतं घोड्याला द्यायचं की हात घोडेवाल्याला?

सह्यवारा:
माथेरानचा विषय निघाला की ई-रिक्षा विरुद्ध घोडा एवढंच भांडण होतं. मला वेगळं विचारायचंय. मार्च २०२० मध्ये पर्यटन एका झटक्यात बंद झालं, तेव्हा वर प्रवासी घोडेच चारशेच्या पुढे होते. सिलिंडर, किराणा, वाळू वाहणारे मालाचे घोडे वेगळे. बाहेरची मोटार गावात जात नाही, दस्तुरी नाक्यापाशीच थांबते आणि नेरळहून येणारी रेल्वे २०१९ च्या पावसात रूळ वाहून गेल्यापासून बंद होती.

प्राणिमित्र संस्थांनी त्या काळात खाद्याची पोती पाठवली, त्याबद्दल त्यांचे आभारच. पण अशी मदत घोड्याच्या नावाने गोळा होते आणि घोड्याच्या तोबऱ्यात संपते. ज्याच्या घरात पीठ नाही, त्याच्या दारात हरभऱ्याचं पोतं ठेवायचं आणि बजावायचं, हे फक्त जनावराचं! त्यातला मूठभर हरभरा त्याच्या घरात शिजला तर त्याला चोर म्हणायचं का? माझ्या मते अडचणीच्या काळात घोडा आणि त्याचं घर मिळून एकच शिधा धरावा, आणि त्याला कसलीही अट नसावी.

मुकी जित्राबं:
साफ असहमत. लोक देणगी देतात ती घोड्याच्या खपाटीला गेलेल्या पोटाचा फोटो पाहून. ती मालकाच्या घरखर्चाला वळवणं ही देणाऱ्याची फसवणूक आहे. माणसांसाठी रेशन होतं, अन्नछत्रं होती. घोड्याचं रेशनकार्ड कुठे आहे?

दुसरं, बिनशर्त मदतीने काय होतं? जगवलेला घोडा धंदा सुरू झाला की पुन्हा त्याच खोगिराखाली. १९६५ च्या केंद्राच्या नियमांत तट्टूच्या पाठीवर ७० किलोंपेक्षा जास्त ओझं चालत नाही. तुमचा मुंबईचा पर्यटक एकटाच ऐंशी-पंच्याऐंशीचा असतो. मदत द्या, पण लिहून घ्या: पाठीला जखम असेल तर काम बंद, म्हातारा घोडा कामातून बाहेर, नवीन खरेदी नाही.

दस्तुरीवाला:
आमच्या घरात तीन पिढ्या घोडे आहेत. वरच्या ताई की दादा, जे कोण असतील त्यांना एक विचारतो. धंदा बंद झाला तर तुम्ही स्कूटर झाकून ठेवता. घोडा झाकून ठेवता येत नाही. चंदी, कोंडा, गवत रोज लागतं. नाल दीड-दोन महिन्यांनी बदलावीच लागते, खूर काय लॉकडाऊन पाळत नाही. भुसारवाल्याची उधारी दोन महिने चालते, मग तोही तोंड फिरवतो. तेव्हा घोडा विकायचा तर घेणार कोण? वराती बंद, जत्रा बंद. उरला वीटभट्टीचा दलाल, तो म्हणेल ती किंमत. अटीचा कागद घेऊन तुम्ही याल तोवर घोडा भट्टीवर पोचलेला असेल.

गोठ्यातला डॉक्टर:
भांडण चालू द्या, पण एक गोष्ट वेगळी सांगायलाच हवी. पोतं पाठवणं हीसुद्धा नेहमी मदतच असते असं नाही. तीनशे किलोंच्या घोड्याला दिवसाला पाच-सहा किलो कोरडा चारा आणि पंचवीस लिटरच्या वर पाणी लागतं. तो कित्येक दिवस अर्धपोटी असेल आणि एखाद्या भल्या माणसाने एकदम घमेलंभर धान्य पुढे ठेवलं, तर पोटशूळ उठतो, खुरांना दाह होतो, कधी जनावर दगावतं. घोड्याला उलटी होत नाही, चुकीचं पोटात गेलं की वरून बाहेर यायची सोयच नाही. उपाशी जनावराला आधी चारा, शक्यतो लसूणघास, थोडा थोडा, दिवसातून पाच-सहा वेळा. धान्य बरंच नंतर. शिळे पाव आणि पोळ्यांची पोती आणणाऱ्यांना तर हात जोडून परत पाठवावं.

आणि हे दिवसातून सहा वेळा खाऊ घालणार कोण? संस्थेचा माणूस संध्याकाळी निघून जातो. तबेल्यात मालकच असतो. त्यामुळे मालकाला वगळून घोडा वाचवायची भाषा मला कळत नाही.

हिशोबनीस:
सरकार काय देतं तेही बघू. राज्य आपत्ती निधीचे २०२२ पासूनचे निकष असे: ओढकामाचा घोडा, उंट किंवा बैल मेला तर ३२ हजार, तट्टू, खेचर किंवा गाढव मेलं तर २० हजार. म्हणजे पंचनामा व्हायला आधी जनावर मरायला हवं.

मुकी जित्राबं:
अर्धंच सांगताय. त्याच निकषांत छावणीतल्या मोठ्या जनावरामागे रोज ८० रुपये आहेत.

हिशोबनीस:
आहेत ना. पण छावणी उघडते दुष्काळात आणि तिथे दावणीला गाय, बैल, म्हैस. पर्यटन बंद पडलं म्हणून डोंगरावर घोड्यांची छावणी कुणी उघडल्याचं तुम्ही पाहिलंय? शिवाय पाठीवर माणूस नेणारं जनावर 'ओढकामाचं' की नाही यावर तलाठी आणि मालक किती वेळ वाद घालतील, ते वेगळंच.

कोकणकडा:
घोड्यांवर एवढी चर्चा. हातरिक्षा ओढणाऱ्या माणसांसाठी ऑगस्ट २०२५ उजाडावा लागला, तेव्हा कुठे सर्वोच्च न्यायालयाने ती प्रथा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. चालू द्या.

सह्यवारा:
कोकणकडा, मुद्दा रास्त आहे, पण त्याने घोड्याचा प्रश्न सुटत नाही.

मुकी जित्राबं, तुमच्या अटींबद्दल एक जुनी गोष्ट. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश फौजेने आपले घोडे कैरोत विकून टाकले आणि ते तिथे टांग्यांना, दगडखाणीत झिजत राहिले. डोरोथी ब्रुक नावाच्या बाईंनी १९३१ मध्ये लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट'ला पत्र लिहून पैसे जमवले आणि असे हजारो घोडे मालकांकडून विकत घेतले. बहुतेक इतके खंगलेले होते की त्यांना शांतपणे मरण देणं एवढंच उरलं होतं. पण १९३४ मध्ये बाईंनी काढला तो फुकट दवाखाना, कैरोतल्या गरीब मालकांच्या कामाच्या जनावरांसाठी. का? कारण विकत घेतलेल्या घोड्याच्या जागी मालक दुसरा आणणारच, त्याला पोट आहे.

मुकी जित्राबं:
ही गोष्ट माझ्याच बाजूची आहे. बाईंनी विकत घेतलेले घोडे पुन्हा टांग्याला जुंपायला दिले नाहीत. आणि दवाखाना म्हणजे तरी काय? तिथे डॉक्टर जखम बघतो, मालकाला सुनावतो. मी तेच मागतेय. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, तेव्हाही घोड्यांचं काय झालं याची घोडा-घोडा नोंद कुणाजवळ नव्हती. कोरं पोतं देऊन मोकळं होणं ही संस्थांची सोय आहे.

गोठ्यातला डॉक्टर:
तपासणीला माझा पाठिंबा. पण ती शिधा देताना करा, शिधा देण्याआधी नको. पोतं उतरवायला गेलात की खोगीर बाजूला करून पाठ बघा, दात बघा, लिहून ठेवा. ज्याची पाठ सोललेली आहे त्याला मलमही द्या आणि तो घोडा बसून असेल तेवढ्या दिवसांचा चाराही. जखमी घोडा कामाला लावला जातो तो बहुतेकदा त्याच्यावाचून चूल पेटत नाही म्हणून.

मुकी जित्राबं:
आणि ज्याची लिहिलेली पाठ पुढच्या सीझनलाही सोललेलीच निघाली, त्याला पुढच्या संकटात शिधा द्यायचा?

सह्यवारा:
घोड्याला द्यायचा. मालकाचं बघू.

दस्तुरीवाला:
पाठ बघायला खुशाल या. फक्त पावसाळ्यात या. सीझनमध्ये खोगीर उतरवून दाखवत बसायला कुणाला वेळ नसतो, आणि पावसाळ्यात आम्हाला विचारायला कुणी येत नाही.