सेमी पैठणीवर ‘फोटोसारखी नाही’, ‘फसवणूक’ असे रिव्ह्यू येतायत: उत्तर काय द्यायचं आणि लिस्टिंगमध्ये काय बदलायचं?

काठपदर_ऑनलाइन

यंत्रमागावरच्या सेमी पैठण्या मार्केटप्लेसवर विकतो. किंमत दीड ते अडीच हजार. मालाची वीण चांगली आहे, काठाच्या किंवा पदराच्या तक्रारी नाहीत. तरी रेटिंग घसरत चाललंय. सध्याचं शीर्षक जसंच्या तसं देतो:

“येवला पैठणी सिल्क साडी विथ ब्लाउज, प्युअर झरी काठ, हँडलूम फिनिश, पार्टी वेअर”

रिव्ह्यू साधारण चार प्रकारचे येतात.
“फोटोत राणी कलर, आलेली साडी वांगी.”
“प्युअर सिल्क नाही. फसवणूक. एक स्टारसुद्धा जास्त आहे.”
“ब्लाउजपीस आलंच नाही.” (ते साडीलाच जोडलेलं असतं.)
“पाकीट भिजलेलं होतं, डिलिव्हरीवाला उद्धट.”

विचारायचं असं: यातले कुठले रिव्ह्यू काढून टाकता येतात? थोडे पैसे परत देऊन रिव्ह्यू बदलायला सांगितलं तर चालतं का? की ही लिस्टिंग बंद करून नवी टाकावी?

---

पन्हा४५

दुसऱ्या तक्रारीपासून सुरू करू, खरं दुखणं तिथे आहे. त्या ग्राहकाचं म्हणणं बरोबर आहे. तुमच्या शीर्षकात ‘सिल्क’ आहे, ‘प्युअर’ आहे आणि ‘हँडलूम’ही आहे. वाचणारा हे तिन्ही शब्द एकत्र जोडतो. ‘प्युअर’ फक्त झरीपुरतं होतं आणि ‘हँडलूम’पुढे ‘फिनिश’ लिहिलंय, हा खुलासा साडी हातात आल्यावर कामाचा नाही. ‘सिल्क टच’, ‘प्युअर फील’, ‘पैठणी स्टाईल’ हे सगळे त्याच जातीचे शब्द. ते सरसकट काढा.

‘प्युअर झरी’ तर काढाच. असली जर म्हणजे रेशमाच्या दोऱ्यावर चांदीची तार आणि वर सोन्याचा मुलामा. टेस्टेड जरीत तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा असतो. तुमच्या किमतीत येते ती पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मची मेटॅलिक जर. तीही दिसायला छान असते, काळी पडत नाही. ‘मेटॅलिक जर, काळी पडत नाही’ असं सरळ लिहिलं तर तो गुण ठरतो.

‘येवला पैठणी’ हेही धोक्याचं आहे. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे आणि ते हातमागावरच्या मालाचं आहे. यंत्रमागाच्या साडीला ‘सेमी पैठणी’ म्हणा आणि पहिल्याच ओळीत ‘यंत्रमाग’ लिहा. नाव लपवून जी चार गिऱ्हाइकं जास्त मिळतात, तीच पुढे एक तारा देतात.

सिल्क मार्कचं चित्र लिस्टिंगमध्ये वापरत असाल तर लगेच काढा. ती खूण शुद्ध रेशमाची आहे, होलोग्रामचं लेबल त्या-त्या नगावर असतं आणि ते लावायला अधिकृत सभासद असावं लागतं. हातमागाची खूण वेगळी, तिचा रेशमाशी संबंध नाही.

आता कायद्याचं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये विक्रेत्यावरही जबाबदारी टाकली आहे. जाहिरातीतलं वर्णन प्रत्यक्ष मालाशी जुळलं पाहिजे. माल सदोष असेल किंवा वर्णनाप्रमाणे नसेल तर परत घ्यायला नकार देता येत नाही. त्यामुळे वर्णनात खाली ‘नो रिटर्न, नो एक्सचेंज’ लिहून ठेवलं असेल तर अशा तक्रारीत त्याचा उपयोग शून्य. ग्राहक असल्याचं भासवून आपल्याच मालावर रिव्ह्यू टाकायलाही तिथेच मनाई आहे. मेहुण्याच्या मोबाइलवरून पाच तारे हा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका.

---

खिडकीचा_उजेड

रंगाचं बघू. राणी, वांगी, जांभळा या रंगांत मोबाइल कॅमेरे हमखास चुकतात. त्यात दुकानातल्या पिवळ्या एलईडीखाली फोटो काढला की राणी लालसर होतो आणि मोरपंखी नुसता हिरवा दिसतो.

सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान, खिडकीजवळ, पण साडीवर थेट ऊन न येता फोटो काढा. घरातले सगळे दिवे बंद. एक उजेड खिडकीचा आणि दुसरा ट्यूबचा असा मिसळला की कॅमेऱ्याला पांढरा रंग कुठला तेच कळत नाही. साडीच्या कडेला साधा पांढरा ए-फोर कागद ठेवा. एडिट करताना तो कागद पांढरा दिसेपर्यंतच व्हाइट बॅलन्स हलवा, मग तो कापून टाका. सॅच्युरेशनला हात लावायचा नाही. फिल्टर आणि फोनचा ‘सीन ऑप्टिमायझर’ बंद. शेवटी तोच फोटो दोन वेगळ्या फोनवर साडीशेजारी धरून बघा, त्यातला एक स्वस्तातला असू द्या. स्क्रीन ‘व्हिव्हिड’ मोडवर असेल तर तुम्हाला स्वतःलाच रंग भडक दिसतो आणि तुम्ही उलट्या दिशेने दुरुस्ती करत बसता.

माझा अंदाज असा की तुमचा राणी रंग धूपछाव असणार. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, म्हणून कोन बदलला की रंग बदलतो. अशी साडी एका फोटोत दाखवताच येत नाही. समोरून एक, तिरक्या कोनातून एक आणि पदर हळू हलवतानाचा पंधरा-वीस सेकंदांचा व्हिडिओ, एवढं हवंच. वर्णनात लिहा: “धूपछाव: ताणा राणी, बाणा जांभळा, उजेडाप्रमाणे रंग बदललेला दिसेल.” ‘प्रत्यक्ष रंगात किंचित फरक असू शकतो’ ही ओळ सगळेच टाकतात, त्यामुळे ती कुणीच वाचत नाही.

फोटोंत या गोष्टी असाव्यात: पूर्ण साडी, उलगडलेला पदर, मोजपट्टी लावलेला काठ, अंगावरच्या बुट्टीचा जवळून फोटो, ब्लाउजपीस आणि उलटी बाजू. उलट्या बाजूचा फोटो विक्रेते टाळतात. हातमागाच्या पैठणीत नक्षी दोन्हीकडून जवळपास सारखी दिसते, यंत्रमागाच्या जॅकार्ड मालात (नक्षी यंत्रानेच उचलली जाते तो) मागे दोरे सुटलेले किंवा कापलेले असतात. जाणकार ग्राहक आधी तेच बघतो. फोटो टाकलात तर तो नीट समजून घेतो किंवा घेतच नाही. तुमच्यासाठी दोन्ही बरं.

---

परतावा_खातं

मूळ प्रश्नाकडे येतो.

प्रॉडक्टचा रिव्ह्यू आणि विक्रेत्याचा फीडबॅक यात गल्लत होते. अॅमेझॉनवर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘साडी प्युअर सिल्क नाही’ हा मजकूर चुकून विक्रेत्याच्या फीडबॅकमध्ये पडला आणि त्यात फक्त मालाबद्दलच लिहिलेलं असेल, तर काढण्याची विनंती करता येते. शिवीगाळ, कुणाचा फोन नंबर असलेला मजकूर हेही काढलं जातं. डिलिव्हरीची तक्रार असेल आणि ऑर्डर अॅमेझॉनच्याच गोदामातून गेलेली असेल, तर ती तुमच्या नावावर धरू नये असं सांगता येतं. कुरियर तुम्ही ठरवलेलं असेल तर तो दोष तुमच्याच खात्यात राहतो. बाकी ठिकाणचे नियम वेगळे असतात, पण ‘रिव्ह्यू वाईट आहे’ एवढ्याच कारणाने कुठेच काढत नाहीत. तुमच्या चारपैकी फक्त शेवटच्याला थोडी आशा आहे. भिजलेल्या पाकिटाचं मात्र तुमच्याही हातात आहे: साडी आधी बंद प्लास्टिक पिशवीत, मग बाहेरच्या पाकिटात.

पैसे देऊन रिव्ह्यू बदलून घ्यायचा विचार सोडा. परतावा द्यायचा असेल तर तक्रार खरी आहे म्हणून द्या आणि त्या संदेशात रिव्ह्यूचा उल्लेखसुद्धा करू नका. ‘तारे वाढवा, मग २०० रुपये पाठवतो’ याचा स्क्रीनशॉट निघाला की खातंच बंद होऊ शकतं.

जाहीर उत्तर देता येत असेल तिथे ते तीन-चार वाक्यांचं ठेवा. ते वाचणार आहे पुढचा ग्राहक. तुमच्या दुसऱ्या रिव्ह्यूसाठी असं चालेल:

“नमस्कार. ही साडी आर्ट सिल्कची (म्हणजे कृत्रिम रेशमाची), यंत्रमागावर विणलेली आहे. शीर्षकातल्या शब्दांमुळे गैरसमज होत होता, ते शीर्षक बदललं आहे. साडी परत करायची असल्यास ऑर्डरच्या पानावरून ‘वर्णनाशी जुळत नाही’ हे कारण निवडून विनंती टाका.”

‘आमचे हजारो ग्राहक समाधानी आहेत’, ‘या किमतीत प्युअर सिल्क कसं मिळेल?’ असलं काही नको. दुसरं वाक्य खरं असलं तरी ग्राहकाला मूर्ख म्हटल्यासारखं वाचलं जातं. ऑर्डर क्रमांक, गावाचं नाव, फोन उत्तरात लिहू नका.

लिस्टिंग बंद करून तीच साडी नव्या नावाने टाकू नका. जुन्याच लिस्टिंगवर वेगळा माल चढवून चांगले रिव्ह्यू वापरणं तर सरळ नियमभंग आहे. आहे तीच दुरुस्त करा. शीर्षक बदलल्यावर मागचं ‘फॅब्रिक’ फील्डही तपासा. तिथे ‘सिल्क’ राहिलं की साडी सिल्कच्या फिल्टरमध्ये दिसत राहते आणि तक्रारी तशाच येतात. प्रत्येक रंगाची उपलिस्टिंग वेगळी उघडून बघा. फील्ड कुलूपबंद असेल तर सेलर सपोर्टला तिकीट टाका, सोबत लेबलचा फोटो द्या.

---

पन्हा४५

@परतावा_खातं, बाकी सगळं पटलं. पण ‘वर्णनाशी जुळत नाही’ हे कारण आपणच सुचवायचं? त्या कारणाने परत आलेल्या मालाचा दोन्हीकडचा खर्च बहुधा विक्रेत्यावर पडतो, शिवाय त्या कारणाचं प्रमाण वाढलं की लिस्टिंग दाबली जाते. ‘परत करायची असल्यास विनंती टाका’ एवढं पुरे. कारण तो निवडेल.

---

परतावा_खातं

जुन्या शीर्षकावर ज्यांनी घेतली त्यांच्यासाठी तेच खरं कारण आहे. त्यांनी ‘मत बदललं’ निवडलं आणि त्यांच्या पैशातून कापून गेलं, तर दुसरा रिव्ह्यू येतो आणि ग्राहक आयोगाकडे जायलाही कारण मिळतं. नव्या शीर्षकानंतरच्या ऑर्डरसाठी तुमचं म्हणणं मान्य.

---

काठपदर_ऑनलाइन

सगळ्यांचे आभार. नवं शीर्षक असं केलंय, बघा:

“सेमी पैठणी साडी, आर्ट सिल्क, यंत्रमाग, मेटॅलिक जर, राणी-जांभळा धूपछाव, ६.३ मीटर जोडलेल्या ब्लाउजपीससह”

ब्लाउजपीसचं एवढ्याने भागेल का? आणि वापरून परत आलेल्या साड्यांचं काय करायचं?

---

खिडकीचा_उजेड

ब्लाउजपीसचं शीर्षकाने भागणार नाही. साडी ५.५० मीटर आणि ब्लाउजपीस ०.८० असं वेगवेगळं लिहा. जिथे कापायचं तिथे आडवा, वेगळ्या रंगाचा कच्चा धावदोरा घाला आणि छोटं कार्ड टाचा: “इथून पुढे ब्लाउजपीस, ८० सेंमी.” ब्लाउजपीसला काठ आहे की कोरं आहे हेही लिहा, बाहीला काठ हवा असणाऱ्याला ते आधी कळायला हवं. लांबी टेबलावर, कापड न ताणता मोजा, प्रत्येक लॉटमधले दोन-तीन नग तरी. ६.२ भरत असेल तर ६.२ लिहा. पन्हाही लिहा, उंच बायका तोच शोधत असतात.

---

पन्हा४५

शीर्षक चांगलंय. फक्त ‘आर्ट सिल्क’ अजून मोघम आहे. बरेच ग्राहक ते ‘कलात्मक सिल्क’ समजतात. सूत व्हिस्कोस आहे की पॉलिएस्टर ते खरेदीच्या बिलावर बघून लिहा. बिलावर नसेल तर पदराच्या गोंड्यातला अंगाचा दोरा (जरीचा नको) चिमट्यात धरून जाळा. व्हिस्कोस कागदासारखं जळतं आणि थोडी मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून कडक काळा मणी होतो. खऱ्या रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. ग्राहक घरी हेच करून ‘फसवणूक’ लिहितात, तेव्हा निकाल आधी तुम्हाला माहीत असलेला बरा.

---

परतावा_खातं

वापरून परत येणाऱ्या साड्यांसाठी पदराच्या बाहेरच्या, सहज दिसणाऱ्या टोकाला एकदाच लागणारा कुलुपी टॅग लावा. आतल्या घडीत लावला तर तो न तोडता साडी नेसता येते. टॅगवर क्रमांक हवा आणि पॅकिंगच्या व्हिडिओत तो क्रमांक, साडीची दोन्ही टोकं, वजनकाट्यावरचा आकडा आणि पाकिटावरचं लेबल एकाच सलग शॉटमध्ये दिसलं पाहिजे. मध्ये कट असलेला व्हिडिओ मार्केटप्लेसकडे केलेल्या भरपाईच्या दाव्यात टिकत नाही. परत आलेलं पाकीट उघडतानाही तसाच व्हिडिओ. फॉल लावलेला, अत्तराचा वास, घामाचा डाग यांचे फोटो त्याच दिवशी दाव्यासोबत चढवा, मुदती लहान असतात. टॅग तुटलाय म्हणून विणीतला दोष असलेली साडी मात्र नाकारता येणार नाही.

आणि प्लॅटफॉर्मच्या गोदामात आधीच पोचलेला माल असेल तर त्यावर जुनं ‘प्युअर झरी’चं लेबल चिकटलेलं असणार. तो परत मागवा किंवा तिथेच विकायचा असेल तर लेबल बदलून मिळतं का ते विचारा, आणि तोवर त्या रंगांचा स्टॉक शून्य दाखवा. नवं शीर्षक वाचून घेतलेल्या ग्राहकाच्या हातात जुनं लेबल पडलं तर तो लेबलचाच फोटो रिव्ह्यूला लावेल.