टर्न ऑफ फॉर्च्यून्स व्हील कोणी शेवटपर्यंत खेळवलंय का? घेऊन ठेवलंय पण धाडस होईना

वीसचा_फासा, सांगली

डी अँड डी, म्हणजे फासे टाकत पात्रं रंगवून खेळायचा डंजन्स अँड ड्रॅगन्स, त्यातल्या प्लेनस्केप या अनेक विश्वांच्या दुनियेचा तो २०२३ चा तीन पुस्तकांचा सेट, त्यातलं हे ॲडव्हेंचर. आमचा ग्रुप विश्रामबागचा, पाच प्लेयर आणि मी डीएम म्हणजे गोष्ट चालवणारा, रविवारी दुपारी बसतो आणि सहाच्या ठोक्याला दोघं उठतात, म्हणजे हातात तीनच तास. दोन वर्षं झाली तीच जंगलं, त्याच गुहा, तेच गोब्लिन, आता पोरं म्हणायला लागलीत दादा जरा वेगळ्या दुनियेत ने की.

अर्ध्यापर्यंत वाचलं. सुरुवात नाद खुळा आहे. सिजिल नावाच्या शहराच्या शवागारात जागं व्हायचं, आपण कोण काही आठवत नाही, आणि मेलात तर दुसऱ्याच कुठल्यातरी विश्वातले तुम्ही त्या जागी उभे! पण आमच्यात एक गडी आहे तो दर कॅम्पेनला (म्हणजे दर नव्या लांब गोष्टीला) आपल्या पात्राची चार पानी बॅकस्टोरी, म्हणजे आधीचा इतिहास, लिहितो, त्याला मी काय सांगू, की बाबा तुला काही आठवतच नाही? शिवाय पुस्तक ९६ पानांचं, त्यात पात्रांनी लेव्हल, म्हणजे ताकदीची पायरी, ३ पासून १० पर्यंत जायचं आणि शेवटाकडे एकदम १७. हे टेबलावर चालतं का खरंच? स्पॉयलर चालतील मला, फक्त खलनायकाचं बोलू नका, आमच्यातला एकजण इथं वाचतो.

मिरजकर_डीएम

पूर्ण खेळवलंय, चौदा सेशन लागली. खेळव, पण पुस्तकात आहे तसं नको.

ते मेल्यावर दुसरं रूप येण्याचं प्रकरण हाच यातला सगळा माल आहे आणि गंमत म्हणजे पुस्तक त्याचं पुढं फार काही करत नाही. आमच्यात चौथ्या सेशनला ड्वार्फ क्लेरिक (बुटका पुजारी) मेला, त्याच्या जागी तोच माणूस आला पण दुसऱ्या विश्वात चोर झालेला. मेलेल्यानं रेंजरकडून ५० गोल्ड उसने घेतले होते. रेंजर म्हणाला माझे पैसे दे, हा म्हणतो मी कुठं घेतले, त्यानं घेतले, त्याच्याकडं माग. अर्धा तास भांडण चाललं राव! भडंगाचं अख्खं पातेलं संपलं, मी एक शब्द बोललो नाही, आणि आजही त्या कॅम्पेनचा विषय निघाला की सगळ्यांना तेच आठवतं.

म्हणून सांगतो, प्रत्येकाची तीन रूपं आधी करून ठेवायला लाव, आणि तिसऱ्या रूपाची शीट शेजारी बसणाऱ्याला लिहू दे. स्वतःचंच पात्र दुसऱ्यानं कसं पाहिलंय ते कळलं की माणूस जागा होतो बघ. त्या चार पानी गड्याला बॅकस्टोरी लिहू दे खुशाल, लिहून तुझ्याकडं द्यायची. तू कात्रीनं तुकडे कर आणि दर गावात एक तुकडा त्याच्या हातात ठेव, आठवण म्हणून. दोन तुकडे दुसऱ्या रूपांचे मिसळ. कुठलं खरं आपलं, हे त्याचं त्यानं ठरवावं. आमच्यात पाचवा तुकडा वाचून पोरगा गप्पच बसला दहा मिनिटं.

कंदी_पेढा, सातारा

मिरजकर दादा फार गोड बोलायलेत म्हणून मी जरा उलटं बोलते. मी सहाव्या सेशनला बंद केलं. सिजिल झकास आहे, उंच सुळक्याच्या टोकावर तरंगणारं, हातातल्या कड्यासारखं गोल शहर, डोकं वर केलं की समोरची घरं उलटी, दुसऱ्या दुनियेत नेणाऱ्या दारातून जायचं तर दाराला चालेल अशी किल्ली पाहिजे आणि ती किल्ली म्हणजे काहीही असू शकतं. माझ्या मुलींनी एका दारासाठी हळकुंड वापरलं, मी चालवून घेतलं. पण सिजिलमधून बाहेर पडून गेट-टाउन, म्हणजे दुसऱ्या दुनियांच्या दाराशी वसलेली गावं, सुरू झाली की सगळं पातळ होतं. कल्पना भारी आहेत, नियमावर चालणारं ऑटोमाटा, लष्करी रिगस, दारू आणि नाचगाण्यातलं सिल्व्हानिया, पण एकेका गावाला पानं मोजून, आणि तिथं गेल्यावर एक भानगड मिटवायची की पुढचं गाव. अष्टविनायकाची बस असते ना, उतरा, दर्शन घ्या, प्रसाद घ्या, चढा. तसं.

आणि १० वरून १७ हे प्रकरण हलकं घेऊ नका. विझार्डला (जादूगाराला) लेव्हल १० ला पाचव्या पातळीपर्यंतचे स्पेल म्हणजे मंत्र असतात, १७ ला थेट नवव्या पातळीचे, म्हणजे मागाल ते घडवणारा विशसुद्धा. मधल्या सात लेव्हलचे चौदा स्पेल एका झटक्यात निवडायचे. चोर पात्राचा, म्हणजे रोगचा, स्नीक अटॅक (बेसावध शत्रूवरचा वार) पाच फाशांवरून नऊ फाशांवर. आमच्यातली विझार्डवाली दर शनिवारी रात्री बाळ झोपवून खेळायला बसायची, ती हे कधी वाचणार? मी तिला विचारलं तेव्हा ती हसली फक्त. तिथंच मी ठरवलं, बास.

हळदीचा_ड्रॅगन, सांगली

मी प्लेयर म्हणून खेळलोय. आठवण नसणं पहिली दोन सेशन भारी वाटतं नंतर त्रास होतो, कारण कशासाठी चाललोय तेच कळत नाही, डीएम म्हणतो चला म्हणून चला. दादा तुमच्या पोरांना तेवढं एक कारण द्या, बाकी जमतंय. आणि सिजिलची मालकीण लेडी ऑफ पेन, तिच्याशी भिडायला जाऊ नका, आमच्यातला एक गेला होता, तिला स्टॅटच (ताकदीचे आकडेच) नाहीत हो!

वीसचा_फासा

ताई, बसचं एकदम पटलं. मग २०२४ चं दुसरं ॲडव्हेंचर, व्हेक्ना: ईव्ह ऑफ रुइन, घेऊ का? तेही दुनिया बदलत जातं ना?

कंदी_पेढा

ती तर एसी बस आहे. लेव्हल १० ते २०, २५६ पानं, एका जादूच्या दांडक्याचे सात तुकडे गोळा करत क्रिन, एबेरॉन, बरोव्हिया अशा डी अँड डीच्या जुन्या दुनियांत फिरायचं, जुन्या खेळणाऱ्यांना ओळखीची ठिकाणं बघून बरं वाटतं पण तुमच्या पोरांना त्यातलं काय ओळखीचं? आणि सुरुवातच लेव्हल १० ला. नको.

मिरजकर_डीएम

ताईंचं गावांबद्दलचं खरं आहे, मी कबूल करतो, मी पण दोन गावं गाळलीत. पण त्याला औषध त्याच सेटमध्ये आहे. गेट-टाउन त्याच्या दारापलीकडच्या दुनियेसारखं जास्तच व्हायला लागलं की ते अख्खं गाव त्या दुनियेत घसरून जातं, हा १९९४ पासूनचा जुना नियम. तो वापर. मी कर्स्टमध्ये पहिल्याच दिवशी दाखवलं की वेशीजवळचं एक घर काल होतं ते आज नाही, आणि शेजारचे म्हणतात इथं घर नव्हतंच कधी. कर्स्ट म्हणजे कार्सेरी या तुरुंगासारख्या दुनियेच्या दारातलं गाव, विश्वासघातक्यांचं, त्यामुळं पार्टीनं तिथं एकमेकांशी खोटं बोललं की मी आणखी एक घर काढायचो. नकाशावर शेंगदाणे ठेवले होते घरं म्हणून, खोटं बोलला की एक उचलून खायचो. तिसऱ्या शेंगदाण्याला सगळे खरं बोलायला लागले!

लेव्हलचं म्हणाल तर मी १७ केलंच नाही. १३ ला थांबवलं, शेवटच्या लढाईतले राक्षस जरा उतरवले, काही बिघडलं नाही.

वीसचा_फासा

शेंगदाण्याचं उचलणार मी. ठरलं मग, सिजिल, ऑटोमाटा, कर्स्ट आणि रिगस एवढंच, १२ ला शेवट. चार पानी गड्याला आत्ताच मेसेज टाकला की या वेळी सहा पानं लिही, त्याला कात्रीचं काही सांगितलेलं नाही.

हळदीचा_ड्रॅगन

दादा तो इथं वाचणारा गडी तोच तर नव्हे?

वीसचा_फासा

अर्र.