मदत हवी आहे: फराळाच्या पॉप-अप बॉक्सचं पेटंट, तातडीने

बॉक्सवाला_डोंबिवली
नमस्कार मंडळी. आमचा फराळाचा बॉक्स आहे, झाकण उघडलं की आत किल्ला उभा राहतो. एका मिठाईवाल्याने सॅम्पल ठेवून घेतलं आणि आता तोच माल दुसऱ्या प्रेसकडून करून घेतोय असं कानावर आलंय. मला पेटंट काढायचं आहे. किती दिवस लागतात, खर्च किती, मुंबईत ऑफिस कुठे? गणपती झाले की दिवाळीच्या ऑर्डरी सुरू होतात, त्याआधी हातात हवं. 'गूगल करा' सांगू नका, करून झालंय.

पुठ्ठेबहाद्दर
कागद कुठला? मागून करडा डुप्लेक्स की आरपार पांढरा एसबीएस? जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला वजन, किती? किल्ला झाकणाला पेस्ट केलाय की तळाला? फोटो टाका, मग बोलता येईल.

बॉक्सवाला_डोंबिवली
फोटो टाकला तर इथूनच कोणीतरी उचलेल. आणि कागदाचा पेटंटशी काय संबंध?

तिसरं_कलम
फोटो टाकू नका, ते बरोबरच आहे. ऑफिस अँटॉप हिलला, एस. एम. रोडवर, बौद्धिक संपदा भवन. पण जायची गरज नाही, अर्ज ऑनलाइन होतो. व्यक्ती म्हणून भरलात तर १,६०० रुपये, त्यात ३० पानं आणि १० दावे (नेमका कशावर हक्क सांगताय ती वाक्यं) बसतात. परीक्षणाची, म्हणजे ऑफिसने अर्ज तपासण्याची, विनंती वेगळी, ४,०००. वकील किंवा एजंट घेतलात तर त्याची फी वरून.
आता मला सांगा, हा बॉक्स आजवर कुणाला विकलाय का? कुठे मांडलाय का? आणि त्यात नवीन नेमकं काय आहे? 'किल्ला उभा राहतो' हे उत्तर नको, कसा उभा राहतो ते हवं.

स्वावलंबी
एवढ्या भानगडीत पडूच नका. बॉक्सचं चित्र काढा, खाली सही-तारीख घाला, पाकिटात घालून स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवा. आलं की फोडायचं नाही. पोस्टाचा शिक्का हाच पुरावा. माझ्या साडूने एका यंत्राचं असंच केलं आहे.

तिसरं_कलम
साडूंना त्या पाकिटाच्या जोरावर कुणाला थांबवता आलं का? आपल्याकडे जो आधी अर्ज करतो त्याची तारीख धरतात. बंद पाकिटाने फार तर एवढंच दिसेल की त्या दिवशी चित्र तुमच्याकडे होतं. दुसऱ्याला मनाई करायचा हक्क त्यातून मिळत नाही.

स्वावलंबी
वकिलांची पोटं भरायची असतील तर वेगळी गोष्ट.

एडिसनकर
इथे न्यू जर्सीत माझ्या शेजाऱ्याने ग्रीटिंग कार्डाचं केलं होतं. आधी वर्षभर विकून पाहिलं, चाललं तेव्हा अर्ज टाकला. एक वर्षाची सवलत असते, घाई कशाला?

तिसरं_कलम
ती सवलत अमेरिकेच्या कायद्यातली. स्वतःच जाहीर केलेली गोष्ट असेल तर तिथे एक वर्ष मिळतं. भारतात अशी सरसकट सूट नाही. इथे प्रदर्शनाची जी १२ महिन्यांची सवलत आहे ती फक्त केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना. सोसायटीच्या दिवाळी बाजाराचं नाव राजपत्रात येत नाही. आणि इथल्या रहिवाशाने परस्पर अमेरिकेत आधी अर्ज केला तर पेटंट कायद्याचं कलम ३९ आड येतं, परवानगी लागते. धागाकर्त्यांनी कृपया एडिसनकरांच्या शेजाऱ्याच्या भरवशावर राहू नये.

एडिसनकर
मी अनुभव सांगितला. अनुभव सांगायलाही कलम लागतं का?

बॉक्सवाला_डोंबिवली
मागच्या दिवाळीत विकलेत ना, म्हणून तर लोकांना माहिती आहे. दोनेकशे गेले. इन्स्टावर रीलही आहे, बरीच फिरली. पण त्याचा इथे काय संबंध? डिझाइन माझंच आहे, रीलवर माझंच नाव आहे.

तिसरं_कलम
संबंध तोच आहे. रीलवर तारीख आहे आणि ती जगाने पाहिली. परीक्षकाच्या दृष्टीने मागच्या दिवाळीचा बॉक्स आता 'आधीपासून माहीत असलेली गोष्ट' झाला. तुम्हीच दाखवलात म्हणून सूट नाही.

मी_आणि_मनी
अवांतर आहे, पण मला साधे मोदकाचे बॉक्स हवेत, थोडेच. कुठे मिळतील?

पुठ्ठेबहाद्दर
अब्दुल रहमान स्ट्रीट. सुटे देतात.

खिळे_जुळवणारा
आयुष्य प्रेसमध्ये गेलं म्हणून दोन शब्द. या धंद्यात पेटंटपेक्षा अपघात जास्त कामाला आले. ब्रुकलिनला रॉबर्ट गेअर नावाचा कागदी पिशव्यावाला होता. १८७९ च्या सुमारास त्याच्या छापखान्यात बियाण्यांच्या पिशव्या निघत होत्या. घडीची खूण (क्रीझ) पाडायची धातूची पट्टी थोडी वर सरकली आणि पिशव्या चक्क कापल्या गेल्या. दुसऱ्याने कारागिराला शिव्या घातल्या असत्या. याने ताडलं की कापणं आणि क्रीझ मारणं एकाच दाबात होऊ शकतं. आज तुम्ही डाय-पंचिंगला, म्हणजे साच्याने कापून क्रीझ मारायला, देता ते तिथून आलं. तो सपाट बॉक्स, जो गिऱ्हाइकाकडे जाऊन उभा राहतो, तोही त्यातूनच. पुढे १८९४ मध्ये शिकागोच्या फ्रेडरिक विल्कॉक्सने एकाच तुकड्याच्या घडीचं भांडं पेटंट केलं. ते मूळ कालवं नेण्यासाठी, आज त्यात चायनीज विकतात. कोपरे न कापता बाहेरच्या बाजूला दुमडल्यामुळे रस्सा गळत नाही. घडी पाहून घ्या, सुंदर आहे.

बॉक्सवाला_डोंबिवली
काका, छान माहिती. पण माझं काम कसं होणार?

पुठ्ठेबहाद्दर
मी बारा गावचं पाणी प्यायलेला प्रिंटर आहे, माझं ऐका. पेटंटच्या नादी लागू नका. तुमचा मिठाईवाला दुसऱ्या प्रेसमध्ये गेला ना? तिथे डाय नवीन, घडी नवीन, पहिले पाचशे खराब जाणार. तुम्ही त्याच दिवशी दोन नवीन दुकानं धरा, दर थोडा खाली आणा. दिवाळी तुमचीच. पॅकेजिंगमध्ये पुढच्या वर्षी तसंही जुनं चालत नाही.

तिसरं_कलम
हे धंद्याचं उत्तर झालं, हक्काचं नाही. पण एका बाबतीत बरोबर आहात. पेटंट या दिवाळीत कुणालाही थांबवणार नाही. अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, मग परीक्षण, मग हरकती. मंजूर होईपर्यंत कोर्टात खटला भरता येत नाही, नुकसानभरपाई मात्र प्रसिद्धीच्या तारखेपासून मागता येते. मंजूर झालं तर मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. अर्ज केल्यावर बॉक्सवर 'पेटंट प्रलंबित' छापू शकता. पेटंट मंजूर होण्याआधी 'पेटंटेड' छापलंत तर दंड आहे, तेवढं टाळा.

सुलेखा_जोशीण
कॉपीराइट आपोआप असतो हो! तुम्ही काढलंय ना चित्र? मग लगेच वकिलाची नोटीस द्या त्या दुकानदाराला.

तिसरं_कलम
जोशीणबाई, किल्ल्यावर छापलेल्या चित्राबद्दल म्हणाल तर ठीक. बॉक्सच्या आकाराचं गणित वेगळं. डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखी गोष्ट नोंदवलीच नाही आणि कारखान्याच्या पद्धतीने तिच्या ५० पेक्षा जास्त प्रती काढल्या, की त्या डिझाइनपुरता कॉपीराइट संपतो. कॉपीराइट कायद्याचं कलम १५. यांचे दोनेकशे गेलेत.

सुलेखा_जोशीण
अरे देवा. मग डिझाइन नोंदवा आता!

तिसरं_कलम
जुन्या दिसण्याची नोंदणी रीलमुळे अडेल. नवीन दिसणं असेल तर जरूर, व्यक्तीला फी १,००० रुपये, मुदत १० वर्षं आणि वर ५. पण डिझाइन फक्त डोळ्याला दिसणाऱ्या रूपाचं. किल्ला कसा उठतो, कुठे अडकतो, ही रचना त्यात येत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून विचारतोय, नवीन काय आहे?

बॉक्सवाला_डोंबिवली
सगळं सांगायचं नाही म्हणून गप्प होतो. मागच्या वर्षीच्या बॉक्समध्ये किल्ला झाकणाला आणि मागच्या भिंतीला चिकटवलेला होता. झाकण सोडलं की मागे पडायचं आणि किल्ला झोपायचा. यावर्षी झाकण उभं राहतं. त्यासाठी तळात काहीतरी केलंय, ते लिहीत नाही. मिठाईवाल्याकडे गेलेलं सॅम्पल नव्याचं आहे. दुकानात बाकी कुणी पाहिलं नाही.

तिसरं_कलम
हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं! मग चित्र बरंच बदललं. जुन्या बॉक्सवर हक्क सांगू नका, तो गेला. दावा बांधायचा तो फक्त झाकण अडकवण्याच्या युक्तीवर, आणि 'मिठाईचा बॉक्स अधिक पॉप-अप कार्ड' असा मुळीच नाही. तसा लिहिलात तर परीक्षक पेटंट कायद्याच्या कलम ३ मधला एफ काढेल: माहीत असलेल्या वस्तू शेजारी-शेजारी मांडल्या, प्रत्येक आपापलं काम करतेय, शोध कुठे आहे? तळातल्या युक्तीमुळे झाकण, किल्ला आणि बॉक्सचं बंद होणं एकमेकांवर अवलंबून राहत असेल तरच बाजू आहे.
सॅम्पल देताना काही लिहून घेतलंत का? व्हॉट्सअॅपवर 'कुणाला दाखवू नका' एवढं तरी?

बॉक्सवाला_डोंबिवली
'भाऊ, आपल्यातच ठेवा' असं लिहिलं होतं. त्याने अंगठा टाकला.

तिसरं_कलम
तो अंगठा जपा. स्क्रीनशॉट नाही, चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. आणि त्याचा माल बाजारात यायच्या आत तात्पुरता (प्रोव्हिजनल) अर्ज करा, तपशील नीट भरून. मग संपूर्ण तपशीलवार अर्जाला १२ महिने मिळतात. त्याआधी एक संध्याकाळ शोधात घालवा. पेटंट ऑफिसच्या शोधाच्या साइटवर आणि गूगल पेटंट्सवर बी६५डी ५ म्हणजे पुठ्ठ्याच्या घडीचे बॉक्स आणि जी०९एफ १ मधली उभी राहणारी कार्डं, या वर्गांत बघा. झाकण अडवणाऱ्या पुठ्ठ्याच्या जिभा आधीच कुणी काढल्या असतील तर १,६०० वाचतील.

खिळे_जुळवणारा
मिठाईवाल्यावरून आठवलं, आयत्या बिळावर नागोबा ही जमात जुनी आहे. सपाट बुडाची कागदी पिशवी करायचं यंत्र मार्गारेट नाइटने काढलं. बोस्टनला लोखंडी नमुना बनत होता, तिथे चार्ल्स अॅनन नावाच्या माणसाने तो पाहिला आणि पेटंटचा अर्ज आधी आपल्याच नावाने ठोकला. बाईला यंत्रातलं काय कळतं, असा त्याचा बचाव होता म्हणतात. तिच्याकडे आधीची चित्रं, वह्या, लाकडी नमुना आणि साक्षीदार होते. ती जिंकली, १८७१ मध्ये पेटंट तिच्या नावावर झालं. म्हणून म्हणतो, चित्र काढताना तारीख घालायची सवय हवी.

स्वावलंबी
बघा! वह्या आणि तारीख! मी पाकिटाचं तेच म्हणत होतो!

तिसरं_कलम
तो तेव्हाचा अमेरिकन कायदा होता, तिथे आधी कोणी शोधलं ते मोजत. सोडा.
धागाकर्ते, एक राहिलं. अर्जात शोधकाचं नाव लागतं. घडी कोणी बसवली?

बॉक्सवाला_डोंबिवली
बहिणीने. म्हणजे कात्री-कटर तिचंच काम. पण धंदा माझ्या नावावर आहे, जीएसटीही माझाच. माझंच नाव टाकणार होतो.

सुलेखा_जोशीण
अगं बाई!

तिसरं_कलम
शोधक म्हणून तिचं नाव जायला हवं. अर्जदार तुम्ही होऊ शकता, पण तिने हक्क तुमच्याकडे दिल्याचं लेखी लागेल. खरं तर तिलाच अर्जदार, किंवा दोघांना सह-अर्जदार ठेवलंत तर फायदा आहे. व्यक्ती अर्जदारांत एक जरी स्त्री असली तर जलद परीक्षण मागता येतं. फॉर्म १८ए, व्यक्तीला ८,००० रुपये, आणि लवकर प्रसिद्धीसाठी फॉर्म ९ चे २,५००.

पुठ्ठेबहाद्दर
म्हणजे नाव बायकांचं टाकायचं आणि रांग मोडायची. छान.

सुलेखा_जोशीण
जिने घडी घातली तिचं नाव टाकणं म्हणजे रांग मोडणं का हो? लोक काहीही लिहितात.

बॉक्सवाला_डोंबिवली
किल्ला हवा ही कल्पना माझी होती. मग दोघंही शोधक नाही का?

तिसरं_कलम
'किल्ला उभा राहायला हवा' ही मागणी झाली. झाकण कसं अडकवायचं हे ज्याने सोडवलं तो शोधक. त्यात तुमचा हात असेल तर तुमचंही नाव टाका. नसेल तर नुसत्या भावाच्या नात्याने टाकू नका, पुढे तोच मुद्दा विरोधकाच्या हातात सापडतो.

घडीताई
मी यांची बहीण. दादाने आत्ता हा धागा वाचायला दिला. नावाचं आम्ही घरी बोलू. माझा प्रश्न वेगळा आहे. पुठ्ठा ३०० जीएसएम डुप्लेक्स. झाकण अडकवणारा भाग आठ-दहा वेळा उघड-मीट केल्यावर क्रीझवरच फाटतो. वरचा पांढरा थर आधी तडकतो, मग खालचा करडा. घरातल्या पोरांच्या हातात बॉक्स एक दिवस टिकत नाही.

पुठ्ठेबहाद्दर
ताई, आता बरोबर प्रश्न आला. पुठ्ठ्याचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, बघितलीत का? एक पट्टी उभी आणि एक आडवी कापा, हातात धरा. जी जास्त वाकते तिच्यात ग्रेन रुंदीला आहे. क्रीझ ग्रेनच्या दिशेने पडली तर घडी साफ बसते, आडवी पडली की तंतू तुटतात आणि थर तडकतो. शीटवर बॉक्स फिरवून लावा, वाया जाईल थोडा. दुसरं, क्रीझ कटरच्या पाठीने मारताय की डायने?

घडीताई
सॅम्पलला बोथट सुरीने. डाय अजून केली नाही. शीटवर फिरवलं तर एका शीटमध्ये चारऐवजी तीनच बसतात.

पुठ्ठेबहाद्दर
मग नुसता तो भाग एसबीएसचा वेगळा करून चिकटवा.

तिसरं_कलम
थांबा, तो भाग तळाच्याच पुठ्ठ्यातून कापलेला असेल, वेगळा तुकडा नसेल, तर नेमकं तेच दाव्यात धरायचं असेल कदाचित. तो वेगळा करण्याआधी तपशील लिहून घ्या, दोन्ही प्रकारे. आणि ताई, या धाग्यात यापुढे जास्त लिहू नका. आकृत्या काळ्या रेषेत, ए४ वर, भागांना क्रमांक देऊन काढा. मापं आणि रंग लागत नाहीत. हाताने काढलेल्या असल्या तरी चालतं, रेघ स्वच्छ हवी.

घडीताई
ठीक. शीटमध्ये तीन बसतात त्याचा दर मात्र दादाला कोणीतरी समजावा.